गॅलरीतला पट्ट्यांचा शर्ट

"घरात पुरुष राहत असेल तर भत्ता बंद, हे मलाही ठाऊक आहे. पण पुरुष आहेच कुठे?" चिसातो उएहाता खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली.

ओनोदेरा बाई शांतपणे ऐकत होत्या. समुद्राकाठच्या त्या गावातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. त्यांचे सहायक मागारा देहाने भरभक्कम आणि डोक्याने सावकाश.

चिसातो घटस्फोटित. मासळीच्या कारखान्यातला तुटपुंजा पगार आणि एकट्या आईला मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता, यावर ती आणि छोटी मिओरी राहत होत्या. कुणीतरी नगरपालिकेत चुगली केली आणि भत्ता थांबला. तो सुरू झाला नाही, तर राहती खोली सोडावी लागणार होती.

"गॅलरीत पुरुषाचा शर्ट, दारात पुरुषाचे बूट. अहो, ते चोरांना दाखवायला! एकट्या बायका करतातच ना तसं? पण नगरपालिकेतले एबिहारा साहेब म्हणतात, साक्षीदाराने माणूस डोळ्यांनी पाहिलाय."

"साक्षीदार कोण?"

"नाव सांगत नाहीत."

तिघं खोलीवर पोहोचली तेव्हा सरी सुरू झाल्या होत्या. मागारा तत्परतेने शर्ट काढायला धावले आणि हँगरशी झटापट करत बसले. "निघत नाही हो हा!"

"राहू द्या, त्याला भिजायची सवय आहे," चिसातो हसली.

ओनोदेरा बाईंनी चष्मा चढवून शर्टाची कॉलर न्याहाळली. परतताना मागारांचा पाय दारातल्या काळ्या बुटाला लागला. आत काहीतरी खुळखुळलं.

"माझे शिंपले!" मिओरी ओरडली.

खालच्या मजल्यावरच्या हाबुका बाईंनी दार अर्धंच उघडलं. "ती पोरगी दिवसभर उड्या मारते, डोकं उठतं माझं! पुरुष? असेलही. मी नाही पाहिला. घरमालकांना विचारा. ती खोली पर्यटकांना द्यायचीय त्यांना, चौपट भाड्याने."

घरमालक तोकुओका मात्र साखरेसारखे गोड. "मी कशाला तक्रार करू? भाडं वेळेवर येतं. आणि माणूस सज्जन आहे हो! रोज सकाळी तोच पट्ट्यांचा शर्ट, तेच काळे बूट. जिन्यात मला वाकून नमस्कार करतो."

"ती हाबुकाच!" बाहेर येताच मागारांनी निकाल दिला. "केवढा राग आहे तिला!"

"रागावलेली माणसं खरं बोलून मोकळी होतात, मागारा. तोकुओकांना उद्या नगरपालिकेत बोलवा. म्हणावं, चिसातोसाठी दोन शब्द चांगले बोला."

दुसऱ्या दिवशी तोकुओकांनी चिसातोच्या देखत एबिहारा साहेबांसमोर तेच पुन्हा रंगवून सांगितलं. ओनोदेरा बाईंनी पिशवीतून हँगरसकट शर्ट काढला, शेजारी बूट ठेवले.

"हाच शर्ट? हेच बूट?"

"अगदी हेच!"

"मग जरा घालून दाखवा."

तोकुओकांनी शर्ट ओढला. हँगर सुटेना.

"सुटणार नाही. समुद्राच्या वाऱ्याने उडू नये म्हणून चिसातोने कॉलर हँगरला शिवलीय. शर्टाबरोबर शिवणीचा दोराही उन्हाने विटलाय, साहेब. म्हणजे शिवण कालपरवाची नाही. रोज सकाळी हँगर खांद्यावर घेऊन हिंडणारा पुरुष मी तरी पाहिलेला नाही. आता बूट."

त्यांनी बूट उलटा केला. टेबलावर शिंपल्यांचा ढीग पडला. तळाच्या शिंपल्यांना बुटातल्या बुरशीने घट्ट धरलं होतं.

"हाबुका बाईंनी न पाहिलेलं पाहिलं म्हटलं नाही. यांनी नसलेला माणूस पाहिला, त्याला नेमके दिखाव्याचेच कपडे चढवले. खोली रिकामी हवी होती. भत्ता तुटला की भाडं थकेल, भाडं थकलं की बाई निघेल. साहेब, तुमचा साक्षीदार हाच ना?"

एबिहारा साहेबांचे कान लाल झाले. ते उठले आणि चिसातोपुढे कमरेत वाकले. "चूक झाली. भत्ता आजपासून सुरू, थांबलेलाही मिळेल."

मागारांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. शिंपले उडाले.

तोकुओका दाराकडे सरकत होते.

"थांबा," चिसातो म्हणाली. आजवर त्यांच्याशी ती खाली मान घालूनच बोलली होती. आता तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मोरीतला नळ गळतोय. उद्या सकाळी माणूस पाठवा."