भरून जाणारी बादली

“ओढा! अजून ओढा! भुंग्या, तोंडानं नको, हातानं ओढ!”

मावशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओरडत होती आणि काठावर तिची तीन भाचरं दोराला लोंबकळत होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला पुरात वाहून आलेलं एक झाडाचं खोड चिखलात रुतून बसलं होतं. ते हलायला तयार नव्हतं. मुलांनी पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, आणि फाट्‌दिशी दोरच तुटला! तिघंही एकमेकांच्या अंगावर धपाधप कोसळली.

“मी सगळ्यात खाली आहे,” दबलेला आवाज आला. “कुणीतरी उठा!”

हा आवाज शेपटाचा. ती तिघांत धाकटी. मोठी भावंडं जातील तिथे ही मागोमाग, म्हणून तिचं नावच शेपूट पडलं होतं. मधला भुंगा. त्याला भुंगा का म्हणत, हे त्याच्याजवळ थोडा वेळ बसलेल्या कुणालाही विचारा. झोप सोडली तर त्याचं तोंड कधी बंद नसे. आणि थोरली ताई. ती फारसं बोलत नसे, पण तिनं वेणीचं टोक चावायला सुरुवात केली की डोक्यात काहीतरी शिजतंय असं समजावं.

मावशी हौशी मासेमारांच्या गळ क्लबची नदीराखणदार होती. पुलापासून वरच्या बांधापर्यंतची नदी क्लबच्या ताब्यात होती, आणि ती नीट राखणं हे मावशीचं काम. माजलेलं तण कापायचं, ढासळलेल्या काठाला खुंट ठोकायचे, गळ टाकून बसायचे लाकडी धक्के दुरुस्त करायचे, लोकांनी फेकलेल्या बाटल्या उचलायच्या आणि शिवाय त्याच लोकांना हसून नमस्कारही करायचा! बोटी ठेवायच्या शेडवर दोन खोल्या होत्या. तिथे मावशी राहायची. शाळेला सुट्टी लागली रे लागली की मुलांचा मुक्काम तिथेच. सकाळी डोळे उघडले की खिडकीत नदी!

पण यंदा काहीतरी बिनसलं होतं. नदीत मासेच नव्हते.

“रविवारी क्लबची स्पर्धा आहे,” ओला दोर गुंडाळत मावशी म्हणाली. “हेडसर काल स्पष्टच म्हणाले. स्पर्धेत वजनकाटा रिकामा राहिला, तर क्लब दुसरा राखणदार बघेल.”

हेडसर म्हणजे क्लबचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज झाला नव्हता.

“दुसरा राखणदार?” भुंग्याचं तोंड उघडंच राहिलं. “मग तू कुठे जाणार? आणि खोल्या? आणि आम्ही?”

दोर गुंडाळून झाला होता, तरी मावशी तो पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिली. ते पाहून ताईनं वेणीचं टोक तोंडात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट खिडकीत उभी राहून दात घासत होती. एकाएकी ती तोंडातल्या फेसासकट ओरडली, “फाई! फुंग्या! इफे या!”

“आधी थुंक, मग बोल,” ताई म्हणाली.

“बेकरीवाले काका बघा! बादली घेऊन परत चाललेत.”

“मग? मासे धरायला आले असतील.”

“अगं, पण जाताना त्यांची बादली जड होती! वाकून चालत होते. आता बघ, कशी झुलवत चाललेत. रिकामी आहे! मासे धरणारा माणूस रिकामी बादली नेतो आणि भरून आणतो. हे काका उलटे कसे?”

ताई आणि भुंगा एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात पायवाटेनं दातांचे डॉक्टर आले. डोक्यावर टोपी, हातात झाकण लावलेली बादली, खांदा एका बाजूला कललेला. इकडेतिकडे बघत ते लव्हाळ्यांत शिरले. तिघं खाली धावली आणि बोटींच्या मागे दबा धरून बसली. थोड्या वेळानं डॉक्टर शीळ घालत परतले. बादली एका बोटावर!

भुंगा ताडकन पुढे झाला. “नमस्कार डॉक्टरकाका! लवकर आलात! काही मिळालं का?”

डॉक्टर इतके दचकले की टोपी पाण्यात पडता पडता वाचली. “अं? नाही, नाही! सहज फिरायला आलो होतो. दात घासलेस का तू?” आणि उत्तर ऐकायला न थांबता ते सटकले.

“बादली घेऊन फिरायला?” भुंगा म्हणाला.

शेपूट नाक वर करून हवा हुंगत होती. “लवंगेच्या तेलाचा वास आला. त्यांच्या दवाखान्यात येतो ना, तस्सा!”

डॉक्टर ज्या वाटेनं लव्हाळ्यांत शिरले होते ती एकाच ठिकाणी जात होती: राखीव फाट्याकडे. नदीचा हा एक आडबाजूचा फाटा होता. मासे तिथे अंडी घालत, म्हणून स्पर्धेच्या दिवसापर्यंत तिथे कुणीही पाऊल टाकायचं नाही असा क्लबचा कडक नियम होता. मावशीसुद्धा तिकडे फिरकत नसे. स्पर्धेच्या सकाळी फाटा उघडायचा आणि जो आधी पोचेल त्यानं तिथे बसायचं.

“पाऊल टाकायला बंदी आहे,” ताई म्हणाली. “बघायला नाही.”

अलीकडच्या काठावर एक वाकडं झाड होतं. तिघं त्यावर चढली. वरून फाटा स्पष्ट दिसत होता. पलीकडच्या काठाला बगळे ओळीनं उभे होते, आणि पाणी...

“ताई, पाणी उकळतंय!” शेपूट कुजबुजली.

पाणी उकळत नव्हतं. शेकडो मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत-मिटत होते. नदीतले सगळे मासे इथे होते! पाण्यावर पिठाचे गोळे तरंगत होते आणि आंबलेला वास थेट झाडावर येत होता. फाट्याचं तोंड दगड-फांद्यांनी बुजलं होतं, आणि त्यात आडवं अडकलं होतं एक जाडजूड खोड. मासे आत आले होते, पण आता बाहेर जायला वाटच नव्हती!

मुलांनी धावत जाऊन मावशीला सांगितलं. तिच्या हातातला कोयता खाली पडला.

“चारा कुजला की पाण्यातली हवा संपते,” ती घाईघाईनं म्हणाली. “म्हणून मासे वर येऊन धापा टाकतायत. असंच राहिलं तर सगळे मरतील! मी हेडसरांकडून परवानगी घेऊन येते.”

ती सायकलवर टांग टाकून गेली आणि पडलेला चेहरा घेऊन परत आली.

“म्हणाले, नियम म्हणजे नियम. मुलांचं ऐकून राखीव फाट्यात शिरायचं नाही. रविवारपर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही!”

“मग आपण गुपचूप जाऊ या!” भुंगा म्हणाला.

“नाही रे. राखणदारानंच नियम मोडला तर मग राखायचं काय?” मावशी सायकल भिंतीला टेकवत म्हणाली. “उद्या सकाळी बाजारातून नवा दोर आणते. येताना पुन्हा एकदा हेडसरांचे पाय धरते.”

भुंग्याला रडू येत होतं, पण शेपूट आधीच रडत असल्यामुळे त्यानं ते रोखून धरलं. ताईनं वेणी चावून चावून ओली केली. मग एकदम तोंडातून बाहेर काढली.

“डॉक्टर आणि बेकरीवाले दोघं वेगवेगळ्या वेळी येतात. चारा टाकून मासे इथे गोळा करायचे आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं, ही युक्ती आपली एकट्याचीच असं दोघांनाही वाटतं! ते एकाच वेळी आले तर?”

“पण कसे येतील?”

“मावशी कधी नसणार हे कळलं की येतील. भुंग्या, तुला उद्याची बातमी पसरवायची आहे. अगदी खरी बातमी. मावशी आठ वाजता बाजारात जाणार, बस्स!”

भुंग्याचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. “म्हणजे मी बोलायचं? तुम्ही मला बोलायला सांगताय?” जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला असं सांगत होतं!

तो बेकरीत गेला. तिथे दोर, बाजार, मावशीची सायकल, सायकलची घंटा सगळं सांगून आला. दवाखान्यात डॉक्टर एका आजींचा दात बघत होते, तिथे आजींनाही ऐकवून आला. सांगायचं होतं दोघांनाच. पण एकदा सुरू झालेला भुंगा थांबतो थोडाच? परतीच्या वाटेवर हेडसर फाटकाशी भेटले, तर त्यांनाही ऐकवून टाकलं.

“हेडसरांना कशाला सांगितलंस?” ताईनं कपाळावर हात मारला.

“चुकून निघून गेलं!” भुंगा कान पकडत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मावशी बाजारात गेली आणि मुलं झाडावर चढली. खाली दोन मासे पोट वर करून तरंगत होते. ते बघून शेपटानं ताईचा हात घट्ट धरला.

लव्हाळे हलले. डावीकडून बेकरीवाले काका वाकून आले. उजवीकडून डॉक्टर आले, तेही वाकून, आणि दोघंही आलेल्या वाटेकडे बघत पाठमोरे सरकत होते. शेवटी दोघांच्या पाठी एकमेकांवर धाडकन आपटल्या!

“अरे बाप रे! डॉक्टर, तुम्ही?”

“तुम्ही इथे काय करताय?”

“मी? मी... पक्षी बघायला आलोय.”

“मीही! मीही पक्षीच!”

“बादलीतून?” झाडावरून भुंगा ओरडला.

दोघांची पाचावर धारण बसली. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, फक्त वर बघायचं सुचलं नाही. तेवढ्यात त्यांच्या समोरचे लव्हाळे बाजूला झाले आणि गुडघ्यांवर रांगत, पुढे बादली ढकलत आणखी कुणीतरी बाहेर आलं. ते हेडसर होते!

मुलांना तर बोलताच येईना. भुंग्यालासुद्धा!

“नियम म्हणजे नियम, सर!” डॉक्टरांनी टोला हाणला.

“मी... मी तपासणीला आलो होतो,” हेडसर कपडे झटकत म्हणाले.

“मग बादली दाखवा!” शेपूट ओरडली आणि सरसर झाडावरून उतरली. ती काठाच्या कडेला उभी राहिली, पण राखीव हद्दीत तिनं पाऊल टाकलं नाही. “तिघांच्याही बादल्या दाखवा! आणि ते मासे बघा. ते मेलेत! बाकीचे पण मरतायत! माझ्या मावशीला तुम्ही काढून टाकणार होतात, आणि नियम पाळणारी ती एकटीच होती!”

बोलता बोलता तिला हुंदका आला. हेडसरांनी पहिल्यांदाच पाण्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“एवढा चारा?” ते पुटपुटले. “मी तर रोज एकच बादली टाकत होतो.”

“मीही एकच,” डॉक्टर म्हणाले.

“आणि मी,” बेकरीवाले म्हणाले. “केकचा चुरा.”

“आणि तोंडाशी दगड कुणी टाकले?” ताईनं झाडावरून उतरत विचारलं.

“मी थोडेसेच. मासे निसटू नयेत म्हणून,” बेकरीवाले म्हणाले.

“मीही दोनचारच. बाकीचे नदीनं आणले असं वाटलं,” डॉक्टर म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं,” हेडसर खाली मान घालून म्हणाले. मग त्यांनी एकदम बाह्या सरसावल्या. “बघताय काय? उतरा पाण्यात! मुलांनो, या आत. अध्यक्ष म्हणून परवानगी देतो!”

मग काय विचारता! दगड उडाले, फांद्या उडाल्या, डॉक्टरांची टोपी खरोखरच वाहून गेली. पण ते जाडजूड खोड मात्र हलेना. इतक्यात सायकलची घंटा वाजली. खांद्यावर नवा कोरा दोर घेऊन मावशी काठावर उभी होती. नदीत गुडघाभर चिखलात हेडसर! ती बघतच राहिली.

“मावशी, नंतर सांगतो!” भुंगा ओरडला. “आधी दोर टाक!”

दोर खोडाला बांधला. एका रांगेत मावशी, मुलं, डॉक्टर, बेकरीवाले आणि शेवटी हेडसर. हेडसर जोरजोरात “ओढा! ओढा!” असा हुकूम सोडू लागले.

“सर, तोंडानं नको, हातानं ओढा!” भुंग्यानं बजावलं.

आणि हेडसरांनी खरोखर ओढलं! खोड करकरलं, वळलं आणि सुटलं. नदीचं थंड पाणी खळाळत आत घुसलं. धापा टाकणारी तोंडं एकेक करून पाण्याखाली गेली, आणि मग चंदेरी पाठी एकामागोमाग एक नदीकडे धावत सुटल्या. मावशी हसत होती आणि डोळेही पुसत होती.

रविवारी वजनकाटा भरला. स्पर्धा कुणी जिंकली ते आता कुणाच्या लक्षात नाही, कारण त्या तीन बादलीवाल्यांनी भागच घेतला नव्हता आणि सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते. बक्षिसाआधी हेडसर उभे राहिले. आवाज मात्र नेहमीपेक्षा खूप लहान होता.

“मासे गेले म्हणून आपण राखणदाराला दोष दिला. पण ते आम्हीच पळवले होते. मी, डॉक्टर आणि बेकरीवाले. मुलांनी डोकं चालवलं नसतं तर आज आपली नदी मेली असती. राखणदारबाई, मला माफ करा. यापुढे नदीवर तुमचा शब्द शेवटचा. माझ्या शब्दाच्याही वर!”

टाळ्या थांबता थांबेनात. भुंगा उभा राहून सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता. ताईनं त्याला ओढून खाली बसवलं.

“आणि आज आपण एक नवं पद निर्माण करतोय,” हेडसर पुढे म्हणाले. “क्लबचे बादली-तपासनीस! आणि ते असतील ही तीन मुलं!”

शेपूट पुढे आली. आज पहिल्यांदाच ती कुणाच्या मागे नव्हती. ती पायवाटेच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, “बादली दाखवा!”

सगळ्यांनी आपापल्या बादल्या घेऊन रांग लावली, आणि सर्वांत पुढे हेडसर होते. त्यांनी टोपी काढली, टाचा जुळवल्या आणि शाळेतल्या मुलासारखं ताठ उभं राहून बादलीचं झाकण उघडलं.