प्रलंबित फेरफार : आहे

महालक्ष्म्यांच्या जेवणाची पंगत बसली होती, आणि सुवर्णानं पोळीचा पहिला घास मोडलाही नव्हता, तोच तिच्या धाकट्या भावानं, गोकुळनं, आपला मोबाईल तिच्या ताटाशेजारी आंबिलाच्या वाटीला खेटून ठेवला.

"हे काय हाये, ताई?"

सुवर्णानं मांडीवरच्या छकुलीला सावरलं आणि वाकून पाहिलं. देऊळघाटच्या त्यांच्या शेताचा सातबारा होता. वर शेषरावांचं, तिच्या बाबांचं नाव. खाली, अगदी सहज नजरेतून सुटावी अशी एक बारीक ओळ... प्रलंबित फेरफार : आहे.

सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढवायचं असो की उतरवायचं, आधी फेरफाराची नोंद पडते, हे गोकुळला पक्कं ठाऊक होतं. सकाळी पीक पाहणीत सोयाबीन नोंदवायला म्हणून त्यानं सातबारा उघडला आणि मागच्या वेळी जिथं 'नाही' होतं तिथं 'आहे' दिसलं. तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"बाबाले मोबाईल येत नाही, मायले सही येत नाही. मी टाकला नाही. मंग राह्यलं कोण?"

"जेवू द्या न त्यायले," तुपाची वाटी घेऊन उभी असलेली त्याची बायको समता हळूच म्हणाली. "सणाचा दिस हाये."

"जेवू दे न. मी का ताट वढलं?" गोकुळ म्हणाला. "मी फक्त इचारून राह्यलो. वाटा पाह्यजे होता त तोंडानं मांगाचा होता. भावाच्या घरचं पुरण खाचं अन् मांगून तलाठ्याकडे जाचं, हे उंद्रीच्या सासरवाल्यायनं शिकवलं काय?"

सुवर्णानं मान वर केली, ती थेट पंगतीच्या टोकाला बसलेल्या बाबांकडे. म्हाताऱ्याचा हात ताटात थिजला होता. ओठ हलले... ते आता बोलणार, सगळं बोलून टाकणार, हे तिला दिसलं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारात तिची माय, विमलबाई, भज्यांचं ताट घेऊन उभी राहिली.

सुवर्णानं बाबांकडे पाहत मान हलवली. अगदी थोडी. नका सांगू.

"माह्यावर भरोसा ठेव, गोकुळ," ती म्हणाली. "तुह्यं काही जात नाही."

गोकुळनं त्याचा अर्थ हवा तसाच घेतला. "म्हंजे तुले माहीत हाये," तो म्हणाला. "पाह्य माय, कबूल झाली."

विमलबाईंनी लेकीच्या ताटात दोन भजी वाढली आणि वाढता वाढता लेकीकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती नजर सुवर्णाला चिखलीपर्यंतच्या एसटीत, तिथून उंद्रीपर्यंत टोचत राहिली. महालक्ष्म्यांपुढचं ताट टाकून उठू नये, म्हणून ती सगळं जेवली होती. कशाचीच चव लागली नव्हती.

नाही म्हणायला तिला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द तिचा नव्हता, बाबांचा होता.

श्रावणातल्या एका दुपारी शेषराव उंद्रीला अचानक आले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत नातीसाठी चार काकड्या. कधी लेकीच्या घरी पाणी प्यायचं तर उंबऱ्यात बसून पिणारा माणूस... त्या दिवशी आत आला, झोळीतल्या छकुलीकडे बराच वेळ पाहत बसला आणि झोळीची दोरी हलवत, सुवर्णाकडे न बघता म्हणाला, "तुह्या मायचं नाव चढवाचं हाये."

"कशावर, बाबा?"

"वावरावर. माह्या जोडीनं. नवऱ्यानं अर्ज केला त चढते म्हणे. ते लक्ष्मी मुक्ती का काय म्हणतात. तुले लिहिता येते, म्हून आलो."

सुवर्णा बघतच राहिली. या माणसानं उभ्या संसारात मायला नावानं हाक मारलेली तिनं ऐकली नव्हती. "अवं" आणि "ऐकलं काय" याच्या पलीकडे बाबांच्या तोंडून मायसाठी शब्द निघत नसे. भाजी चांगली झाली तरी ते फक्त दुसऱ्यांदा घेत, आणि माय त्यावरून समजे.

"विहीर खोदली तवा तू पोटात होती," ते म्हणाले. "मी खाली फोडो, ती मुरूम भरून टोपलं वर नेये. मी नको म्हणो. आयके कोठी? मंग सातबाऱ्यावर विहीर चढली. बांधावरचे आंबे चढले. त्यायचीबी नोंद हाये. जिनं टोपलं उचललं, तिचंच नाही." दोरी हलवायची त्यांनी थांबवली. "परवा गोकुळनं कागद वाचून दाखोला, तवा माह्या ध्यानात आलं. येवढी वर्सं ध्यानात आलं नाही."

जन्मापासून ज्याला ओळखतो असं सुवर्णाला वाटत होतं, त्या बापाच्या आत एवढं खोल पाणी होतं, आणि त्याचा आवाजही कधी वर आला नव्हता...

"मायले सांगतलं?"

"नाही. अन् तूबी सांगू नको. गोकुळले नको, कोणालेच नको. पक्कं झाल्यावर सांगीन. पीक घरात पडल्याबिगर म्या कधी सांगतलं काय, किती झालं म्हून?"

हे खरंच होतं. शेषराव सोयाबीनचं पोतं घरात येईपर्यंत पिकाविषयी चकार शब्द काढत नसत. उभ्या पिकाचं कौतुक केलं की दृष्ट लागते, ही त्यांची पक्की समजूत. बायकोचं नावही त्यांनी त्याच हिशेबात धरलं होतं. सुवर्णानं छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

तेव्हापासून छकुली झोळीत निजली, की ती मोबाईल उघडून बसे. नोंद कुठवर पोचली ते 'आपली चावडी' या सरकारी साईटवर दिसतं, हे तिला कळलं होतं. आधी नोंद पडते. मग नोटीस लागते आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर मुदत मिळते. कुणीच काही म्हटलं नाही, तर साहेब तपासून नोंद प्रमाणित करतात. एकेक पायरी तिला पोटातल्या बाळाच्या महिन्यांसारखी वाटे. नोटीस लागली त्या दिवशी तिनं उगाचच घरात शिरा केला होता आणि नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "असाच."

आणि महालक्ष्म्या उठल्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी, छकुलीला पाजता पाजता तिनं पान उघडलं. नोंदीपुढे लिहिलं होतं : हरकत प्राप्त.

हरकत कुणाची, हे तिला सांगावं लागलं नाही. सातबाऱ्याच्या तळाची ओळ वाचून गोकुळ पेटला होता, पण नोंद कशाची ते सांगणारं दुसरं पान उघडायची गरज त्याला वाटली नव्हती. बहिणीशिवाय दुसरं कोण असणार, एवढीच त्याची खात्री. तेवढ्या खात्रीवर तो गटाचा नंबर घालून हरकत देऊन आला होता.

आपल्या मायच्या नावावर... पोटच्या पोरानं!

आता सांगावं? सांगितलं तर गोकुळ मायला तोंड कसं दाखवील? आणि मायला हे कळेल ते कसं, तर पोरानं हरकत घेतली म्हणून! बाबांनी जे फूल ओंजळीत झाकून आणलं होतं, ते असं चुरगळून मायच्या हाती द्यायचं? आणि गप्प बसावं, तर वाद चालेल, आणि बाबांचं वय काही थांबणार नाही.

तिला एकच वाट दिसली. ती फार दुखरी होती, पण तिच्या एकटीची होती.

दुसऱ्या दिवशी छकुलीला काखोटीला मारून ती देऊळघाटला गेली, ती घरी नाही, तर थेट शेतावर. गोकुळ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून विळा घासत होता. तिला पाहून उठला नाही.

"बस," म्हणाला. "का आणखी काही मोजाचं राह्यलं?"

"हे घे." तिनं कागद पुढं केला. "म्या लिहून आणलं. बाबाच्या मांगं मले काही नको. वाटा नको, धुरा नको. जवा म्हणशीन तवा कचेरीत येऊन सही करतो. फक्त ती हरकत मांगं घे. आजच."

गोकुळनं कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याचा विळा थांबला.

"मंग फेरफार कायले टाकला व?"

"ते नको इचारू."

"वाटा नको म्हणतं, अन् फेरफार होऊ दे म्हणतं. मले येडं समजतं काय?"

"समजत असतो त येवढ्या उन्हात लेकरू घेऊन आलो नसतो," सुवर्णा म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "माह्यं माहेर तुटलं त तुटू दे, गोकुळ. राखी बांधू नको म्हण, मी नाही येणार. पण ही एक गोष्ट ऐक."

गोकुळला त्या रडण्याची भीतीच वाटली. यात काहीतरी आपल्याला माहीत नसलेलं आहे, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. कागद खिशात घालून तो मोटारसायकलकडे वळला. "चाल, आजच सुनावणी हाये," एवढंच म्हणाला.

कचेरीत पोचले तर बाकावर शेषराव बसलेले. सुनावणीचं बोलावणं त्यांच्याही हाती पडलं होतं, आणि ते घरी न सांगता चालत आले होते. दोन्ही लेकरांना पाहून ते उभे राहिले आणि पुन्हा बसले.

मंडळ अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी कागद चाळले. "हरकत गोकुळ शेषराव यांची," त्या म्हणाल्या. "अर्जदार वडील. खातेदार शेषराव, यांच्या हयातीत, त्यांच्या अर्जावरून, पत्नी विमलबाई शेषराव यांचं नाव सहखातेदार म्हणून दाखल करणे." त्यांनी मान वर केली. "तुमची आईच्या नावाला हरकत आहे?"



गोकुळचा चेहरा पाहून सुवर्णानं डोळे मिटले. त्यानं बहिणीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं... जणू तो कागदच आपल्याकडे बघतोय.

"बाबा, तुम्हाला एक विचारते," बाई मऊपणानं म्हणाल्या. "तुमच्या मागं त्यांचं नाव वारस म्हणून लागणारच आहे. मग आत्ता कशासाठी?"

शेषरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मांगून लागते न, ते इधवा म्हून लागते, बाई," ते म्हणाले. "माह्यं नाव कापतात, अन् त्या जागी तिचं लिहितात. तसं मले नको. मी हाये तवर लागलं पाह्यजे. माह्या बाजूले."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. सुवर्णाला हे ठाऊक नव्हतं. अर्ज तिनं लिहिला होता, नोंदीची पायरी न् पायरी तिनं पाहिली होती, आणि तरी या अर्जाच्या तळाशी काय होतं ते तिला आज, आत्ता कळत होतं. देवळात गाभाऱ्याचा दिवा अचानक उजळावा आणि मूर्तीचे डोळे दिसावेत, तशी ती बापाकडे पाहत राहिली.

गोकुळ खाली बसला, बापाच्या पायाशी, फरशीवरच.

"मले काऊन नाही सांगतलं, बाबा?"

"तुले तरी काय सांगू बे?" म्हातारा ओशाळून म्हणाला. "म्हातारपणी बायकोचे लाड करून राह्यला, म्हणशीन." मग त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. "माह्यापाई या पोरीनं आयकून घेतलं. माह्यीच जीभ उचलली नाही."

गोकुळनं हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं. मग खिशातला तो दुसरा कागद काढून बहिणीच्या हातात ठेवला. "हे तुह्यं तू फाड, ताई," म्हणाला. "मी फाडला त वाटीन मीच मोठा झालो." ती रडता रडता हसली, आणि तिच्या काखेतली छकुली मामाची कॉलर ओढू लागली.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "मायले माहीत हाये?"

"नाही."

"मंग पक्कं होईलोक मीबी नाही सांगत," गोकुळ म्हणाला. एवढंच, पण शेषरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो घरापर्यंत काढला नाही.

पुढं एक दिवस उंद्रीच्या घरासमोर मोटारसायकल थांबली. "चाल ताई, तुले न्याले आलो. प्रमाणित झालं," गोकुळ उंबऱ्यातूनच म्हणाला. "तुह्याबिगर दाखोनार नाही, म्हणतात बाबा."

विमलबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. लेक दिसताच त्या धडपडून उठल्या, तिच्या गालांवरून हात फिरवले. गोकुळच तिला घेऊन आला, हे पाहून त्यांना पुढचं काही विचारायचंच राहिलं नाही. शेषराव जवळच खाटेवर बसून आंब्याच्या झाडाकडे फार लक्ष देऊन पाहत होते.

"माय, बस," गोकुळ म्हणाला. सातबारा उघडून त्यानं मोबाईल तिच्या पुढ्यात धरला. "हे बाबाचं नाव. अन् हे खालचं... विमलबाई शेषराव. हे तू."

"मी कायची आली बे त्यात?"

"बाबानं आणलं तुले."

विमलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शेषरावांनी मान वळवली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले सुवर्णाला दिसले. समता दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मायनं उजवा हात पदराला पुसला, चांगला खसखसून पुसला, आणि देवाच्या पायाला लावावं तसं एक बोट त्या अक्षरांवर टेकवलं.

बोट टेकलं तसं मोबाईलवरचं पान सरकलं आणि नाव वर निघून गेलं. तिनं दचकून हात मागे घेतला.

"गेलं काय रे?"

"नाही, माय," गोकुळ म्हणाला, आणि ते नाव त्यानं पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर आणून धरलं. "आता कोठीच जात नाही."