कडेपर्यंत ओढलेली रेघ

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः त्यात होतो. पटली नाही तर सोडून द्या, पण मी पदरचं काही घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. कोल्हापुरात, शनिवारी, भर दुपारी घडली. साल १९७९.

मी आकाराम. सिस्टर लोकांच्या हायस्कुलात शिपाई. नाव लिहीत नाही, शाळा अजून चालू आहे. पहिली ते दहावी, मुलं-मुली एकत्र, शिकवणं सगळं इंग्रजीत. घंटा मी द्यायचो. माझी बायको सोनूबाई तिथंच आया होती. लहान पोरांना पाणी द्यायची, कुणी पडलं तर औषध लावायची.

आमचं घर बौद्ध. राहायला उचगावात. आमची एकुलती मुलगी विशाखा त्याच शाळेत होती. गावातले लोक सोनूबाईला विचारायचे, "पोरीला मड्डम करताय व्हय?"

ती म्हणायची, "करतोय की. मग तुमाला शिकवाय लावतो."

विशाखानं याच शाळेतून दहावी व्हावं, एवढंच सोनूबाईला हवं होतं.

ती स्वतः शिकलेली नव्हती. मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टांनी शाळा सुटल्यावर पहिलीच्या वर्गात बसवून तिला अक्षरं शिकवली. ती आधी अक्षरं काढायची. मग फूटपट्टी ठेवून वरची रेघ ओढायची. शब्द संपला तरी थांबायची नाही, रेघ थेट कागदाच्या कडेपर्यंत न्यायची. मी हसायचो. ती म्हणायची, "कागद हाय तवर वढायची."

शाळेत एक रीत होती. नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा मेलेल्यांचा महिना. दिवाळीची सुट्टी संपली की व्हरांड्यात एक पत्र्याचा डबा ठेवायचे. मुलांनी आपल्या घरातल्या वारलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. कुठल्याही धर्माचं चालायचं. शनिवारी डबा चॅपलमध्ये, शाळेतल्या प्रार्थनेच्या खोलीत जायचा आणि महिना संपेपर्यंत त्या नावांसाठी प्रार्थना व्हायची. महिना संपला की चिठ्ठ्या जाळायच्या.

पण पोरं ती पोरंच. गणिताच्या यज्ञेश्वर सरांचं नाव दरवर्षी निघायचं. सर चांगले धडधाकट. म्हणून डबा आत जाण्याआधी चिठ्ठ्या निवडायचं काम माझ्याकडं होतं.

सिस्टरांनी बजावलं होतं, "आकाराम, जिवंत माणसाचं नाव आत जायला नको."

१९७८ ला मी निवडत होतो तेव्हा सोनूबाई शेजारी बसली होती. यज्ञेश्वर सर त्या वर्षी चार वेळा निघाले. आम्ही दोघं हसत होतो.

मग एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर फक्त...

सोनूबाई.

मी तिला म्हटलं, बघ, तुझंही नाव टाकलंय कुणीतरी.

तिनं चिठ्ठी हातात घेतली नाही. म्हणाली, "आसंल कुनाची तरी आजी. माज्या एकटीचंच नाव हाय काय ते? टाका आत."

मी नीट न बघताच टाकली.

पुढच्या आठवड्यात तिचं डोकं दुखायला लागलं. अंगात ताप. पोरांना पाणी कोण देणार म्हणून दोन दिवस तशीच कामावर आली. दोन दिवस घरी काढा घेतला. मीही म्हटलं, उतरेल. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेली तेव्हा ती मला ओळखत नव्हती. मेंदूज्वर. डॉक्टर म्हणाले, उशीर केला.

पंचवीस तारखेला ती गेली.

महिना संपल्यावर चिठ्ठ्या जाळायच्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, यंदा दुसऱ्याला सांगते. मी ऐकलं नाही, काम माझं होतं. शाळेमागं आग केली, डबा उपडा केला. उष्णतेनं एक चिठ्ठी हळूहळू उघडली...

सोनूबाई. वरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत.

मी हात घातला. बोटं भाजली. चिठ्ठी गेली.

तिनं स्वतःच लिहिली होती का? मग मला 'टाका' असं का म्हणाली? आणि लिहिली नव्हती, तर ते अक्षर कुणाचं?

मी कुणाला बोललो नाही.

वर्षभर माझी बहीण झुंबरबाई मागं लागली होती. पोरीला शाळेतून काढ, घरात भाकरी कोण थापणार? मी दोन्ही वेळच्या भाकरी थापायला शिकलो. विशाखा दहावीत गेली.

१९७९. पुन्हा तोच शनिवार. साडेअकराला शाळा सुटली. विशाखा मैत्रिणींबरोबर घरी गेली. मी व्हरांड्यात डबा घेऊन बसलो. शाळेत चिटपाखरू नव्हतं.

या वेळी चष्मा लावून एकेक चिठ्ठी दोनदा वाचली. यज्ञेश्वर सर निघाले. हसू आलं नाही, शेजारी कुणी नव्हतं. सगळं निवडून डब्याचं झाकण लावलं.

तेवढ्यात पहिलीच्या वर्गातून आवाज आला...

सर्रर्र.

लाकडी फूटपट्टीला लागून पेन्सिल ओढावी तसा. सावकाश. लांब.

मी उठलो. वर्गाला बाहेरून कडी होती. कडी काढून आत गेलो. खिडक्या बंद. बाक रिकामे. ती बसायची त्या शेवटच्या बाकावर फूटपट्टी पडली होती. दुसरं काही नाही.

मी हाक मारली. "सोनू..."

 बाहेरचे कावळेसुद्धा गप्प.

परत आलो. डबा जागेवर होता. झाकणावर एक चिठ्ठी. घडी न केलेली.

विशाखा आकाराम.

गेल्या वर्षीसारखं नुसतं नाव नव्हतं. या वेळी बापाचं नावही लिहिलेलं होतं. मला कुणाची तरी आजी वाटू नये, असं. आणि रेघ... कडेपर्यंत.

चिठ्ठी खिशात कोंबली आणि सायकल काढली. उचगावपर्यंत कसा गेलो, आठवत नाही.

दार नुसतं लोटलेलं. विशाखा आईचं लुगडं पांघरून झोपली होती. मी कपाळाला हात लावला. चटका बसला.

म्हणाली, "आबा, सकाळपासनं डोकं दुकतंय. तुमी घाबरशीला म्हणून बोलली न्हाई."

काढा केला नाही. कुणाला विचारलं नाही. रिक्षा करून थेट दवाखान्यात नेली. आठ दिवस ती तिथं होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली.

मार्चमध्ये ती दहावीला बसली. पास झाली. आता नर्स आहे.

बरी झाल्यावर मी तिला चिठ्ठी दाखवली. ती रडली. म्हणाली, मी लिहिलेली नाही. सिस्टर बेनेडिक्टांनाही दाखवली. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण तूच निवड."

लोक म्हणतील, आईनं सावध केलं. मलाही तसं वाटतं, बहुतेक वेळा. पण मग पहिली चिठ्ठी कशासाठी? सोनूबाईला कोण सावध करत होतं? आणि दुसरीही मी न बघता आत टाकली असती, तर? विचार करायला लागलो की झोप लागत नाही.

ती चिठ्ठी अजून माझ्या ट्रंकेत आहे. जाळवत नाही, आणि ती घरात असली की बरंही वाटत नाही.

आज साल १९८७. मी गेल्या वर्षी रिटायर झालो. तरी दिवाळीनंतरच्या शनिवारी शाळेत जातो. नवा शिपाई पिराजी डबा माझ्यापुढं ठेवतो आणि चहा आणायला जातो. मी एकेक चिठ्ठी उघडतो, आणि मधेच पहिलीच्या वर्गाकडं कान देतो.

मी माझंच नाव शोधत असतो, आकाराम. तिच्या अक्षरात.

अजून निघालेलं नाही.

डबा उघडताना वाटतं, निघू नये. पण बंद करून घरी निघालो, की वाटतं, निघायला हवं होतं... सायकल चालवत नाही. हातात धरून चालत जातो.