तिसऱ्या सुळक्यावरचा लाल डाग

दुसऱ्या महायुद्धापासून न्यू जर्सीच्या या किनाऱ्यावर शत्रूचा एकही रणगाडा चढू शकलेला नाही, आणि त्याचं श्रेय वाळूत उभ्या असलेल्या काँक्रीटच्या बुटक्या सुळक्यांना जातं. असं किनाऱ्यावरच्या फलकावर लिहिलं होतं. एकही रणगाडा इकडे यायला निघालाच नव्हता, हे खाली बारीक अक्षरांत होतं.

बारा वर्षांच्या उर्वीने मात्र ते सुळके जपायची शपथ घेतली होती. दरवर्षीप्रमाणे पार्सिपनीच्या घरून ऑगस्टच्या सुट्टीला इथे आल्याआल्या तिने किनाऱ्याची राखण करणाऱ्या रेंजरबाईंसमोर हात वर करून ज्युनिअर रेंजरचा बिल्ला मिळवला. बाईंनी तिला गुन्हाही सांगितला. दर ऑगस्टला कुणीतरी तिसऱ्या सुळक्यावर लाल रंग फासतं. संशय त्यांच्या सुट्टीच्या घराशेजारी राहणाऱ्या सर्फिंगवाल्या पोरांवर. पुन्हा डाग दिसला, की त्यांना किनारा बंद. उर्वीने चोर पकडून द्यायचं कबूल करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि धाकटा भाऊ सौमित्र दुर्बीण घेऊन वाळूच्या टेकाडामागे पालथे पडले. सौमित्रच्या मते हे काम टेररिस्टांचं होतं. तेवढ्यात एक माणूस आला, त्याने चोरट्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतलं काहीतरी सुळक्यावर आपटलं.

"ताई, दॅट्स अ कोकोनट," सौमित्र कुजबुजला. मग जरा वेळाने, "अँड दॅट्स बाबा."

बाबा तर नाश्त्याला बेगल आणायला म्हणून गेले होते. उर्वी धावत त्यांच्याजवळ गेली.

"अगं, आज नारळी पौर्णिमा," बाबा म्हणाले. "समुद्रात नारळ टाकला तर लिटरिंगचा दंड बसेल. म्हणून इथे फोडतो. नियमात."

"आणि कुंकू?" उर्वीने सुळक्यावरच्या ताज्या लाल डागाकडे बोट दाखवलं.

"नारळ फोडला त्या जागेला कुंकू नको?"

उर्वीने बाहीने पुसून पाहिलं. डाग आणखी पसरला. समोरून सर्फिंगवाली पोरं आली. त्यातल्या एकाने हसून हात हलवला, आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

तिने बिल्ला काढला आणि बाबांना रेंजरबाईंकडे नेलं. "त्या मुलांनी नाही केलं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

बाईंनी बादली आणि ब्रश दिला. विमा कंपनीत सीनिअर मॅनेजर असलेले बाबा गुडघ्यांवर बसून सुळका घासू लागले. बादली हात हलवणाऱ्या त्याच सर्फिंगवाल्या पोराने धरली. बाईंनी उर्वीच्या खरेपणाचं कौतुक करून बिल्ला परत दिला. ब्रश हातात धरून बाबाही प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, ही माझीच मुलगी. उर्वीने बिल्ला खिशात घातला.

दुपारी आईने नारळीभातासाठी, बाबांनी घाईत न बघताच पिशवीत टाकलेला तो फोडलेला नारळ खवायला घेतला. तो नासका निघाला.