अजून एक महिना

प्रवाळांच्या टाकीवर वाकलो असताना मानेवर थंड पाण्याचा थेंब पडला. वळून पाहिले, तर डायव्हिंगच्या ओल्या सूटमध्ये ती उभी होती – वाट चुकून आमच्या प्रयोगशाळेत शिरलेली. आमचे प्रवाळाचे तुकडे समुद्रात लावायला तिचीच नेमणूक झाली आहे, हे मागाहून कळले.

माझे काम एकट्याचे होते. दगडी प्रवाळाचे नखाएवढे तुकडे करायचे, लहान फरश्यांवर चिकटवायचे, दर मंगळवारी मोजायचे. तुकडा वाढून फरशी भरली की तो तिच्या स्वाधीन करायचा. ती तो खाली नेऊन मेलेल्या प्रवाळ-खडकावर रुजवी. सहकारी मला मौनीबाबा म्हणत. तिने पहिल्याच आठवड्यात ऐकवले, की वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारी ही प्रवाळे माझ्यापेक्षा बोलकी आहेत. मी नुसता हसलो... आणि घरी जाऊन चार उत्तरे जुळवली.

शेवटच्या बारा फरश्या उरल्या. त्या गेल्या की तिचे काम संपणार, ती दुसऱ्या किनाऱ्यावर जाणार. त्या मंगळवारी मी टाकीवर लिहिले – 'अजून एक महिना'. पुढच्या महिन्यातही तेच. घरी ताईने ओळखून विचारले, तोंडात मिठाची गुळणी धरून कुणाचे जमले आहे का?

तिसऱ्या महिन्यात तिने स्वतःच पट्टी घेतली. अकरावा आणि बारावा तुकडा फरशीबाहेर वाढून एकमेकांना भिडले होते. एकाच आई-प्रवाळापासून कापलेले ते. सांधासुद्धा दिसत नव्हता.

"हे केव्हाच तयार होते," ती म्हणाली. "मोजण्यात तुम्ही कधी चुकत नाही."

"नाही."

"मग?"

मी टाकीवरची ती ओळ अंगठ्याने पुसली.

"ते गेले असते, तर... तुम्हीही गेला असता."

तिने पट्टी खाली ठेवली. समुद्राला ताटकळत ठेवू नये, एवढेच हळू म्हणाली. जुळलेले तुकडे मात्र तिने कापले नाहीत. दोन्ही फरश्या तशाच, एकत्र उचलल्या.

दुसऱ्या दिवशी मी होडीत बसून तिचे बुडबुडे पाहिले. मला पोहता येत नाही. वर आल्यावर तिने माझ्या वहीत त्या जोडीची खोली लिहिली – सहा मीटर.

"वर्षाने मोजायला येईन. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल," ती म्हणाली. "पोहायला शिका."

ती गेली. आता मंगळवारी मी पोहण्याच्या तलावाच्या उथळ कडेला, पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत, नाक दाबून उभा असतो. काल प्रथमच डोके पाण्याखाली नेले. खाली कुणीच बोलत नाही... द्यायची राहिलेली ती चार उत्तरे तेवढी कानांत घुमत होती.