भिंतीच्या पोटातली दुपार

एक कोडं घालते. शेजारी शेजारी दोन खोल्या. उंची तीच, छप्पर तेच, ऊनही तेच. पहिलीच्या भिंतींत विटा जास्त, दुसरीच्या भिंतींत कमी. आम्रपालीने दोन्ही खोल्यांत एकेक चॉकलेट ठेवलं आणि तासाभराने जाऊन पाहिलं. जास्त विटांच्या खोलीतलं चॉकलेट पार पातळ झालं होतं. कमी विटांच्या खोलीतलं मात्र अजून बऱ्यापैकी घट्ट होतं. असं का?

आम्रपालीलाही कळेना. घट्ट चॉकलेट तिने खाऊन टाकलं, पण कोडं सुटलं नाही.

या खोल्या परभणीच्या एका प्रशिक्षण केंद्रात होत्या आणि तिथे ती पप्पांबरोबर आली होती. तिचे पप्पा मिलिंद हे गवंडी. त्यांच्या बोरखेडी गावातल्या शाळेची भिंत त्यांनीच बांधलेली. घरी पाहुणा आला, की चहा संपायच्या आत ते त्याला भिंत दाखवायला घेऊन जात! पण गावात रोज काम कुठलं? दिवाळी झाली की ते हैदराबादला जात आणि पार उन्हाळा सरल्यावर परत येत. यंदा जिल्ह्यात हरित शाळा (कमी इंधन जाळून बांधलेल्या आणि कमी विजेत गार राहणाऱ्या) उभ्या राहणार होत्या. इथली परीक्षा पास झाली, की घरी राहूनच काम मिळणार होतं. पप्पा आधी नापास झाले होते आणि आजची संधी शेवटची होती.

"पप्पा, आज नीट करा हं," आम्रपाली म्हणाली.

"तू माझी मास्तरीन हायेस का गं?" पप्पा हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

आतल्या दालनात ना विटा, ना वाळू. छतावरून एका तारेला लटकलेला पितळी रंगाचा यंत्रमानव तेवढा होता. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी जो ओळंबा सोडतात, अगदी तशाच आकाराचा. म्हणून त्याचं नावही ओळंबा.

"तूही चष्मा लाव," तो आम्रपालीला म्हणाला. "याला आभासी वास्तव (नसलेली जागा खरी वाटायला लावणारं तंत्र) म्हणतात. दोन्ही डोळ्यांना मी किंचित वेगवेगळी चित्रं दाखवतो. मेंदू ती जुळवतो आणि त्याला वाटतं, समोर खरंच भिंत आहे. हातमोजे बोटांवर दाब देतात, म्हणून वीट हातात आल्यासारखी वाटते."

"मग खरीच भिंत का नाही बांधायची?"

"ती चुकली तर पाडावी लागते. विटा भाजायला भट्टीत कोळसा जळतो, त्याचा धूर होतो. इथे कितीही चुका, धूर होत नाही."

पप्पा बांधायला लागले. या भिंतीच्या रचनेला रॅट ट्रॅप, म्हणजे उंदराचा सापळा म्हणतात. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या आणि मधे पिंजऱ्यासारखी पोकळी सोडायची. विटा कमी लागतात. पप्पांचा हात सुरेख चालत होता. पण प्रत्येक थराला त्यांची थापी आपोआप पोकळीकडे वळायची आणि सिमेंटचा माल थपकन आत पडायचा.

"मिलिंदराव, पुन्हा पोकळी भरलीत," ओळंबा म्हणाला.

पप्पा ओशाळले. "हात ऐकतच नाही बघा. पोकळ भिंत बांधनारा गवंडी म्हनजे चोर, असं माझ्या वस्तादानं शिकवलं. मालकानं भिंतीवर टकटक केलं अन् आवाज पोकळ आला, की गेली आपली इज्जत!"

ओळंबा रागावला नाही. "चला, आत जाऊन बघू," तो म्हणाला, आणि बघता बघता भिंत डोंगराएवढी झाली. बापलेक मुंगीएवढे होऊन भिंतीच्या पोटात उभे होते!

बाहेर परभणीची दुपार तापली होती. विटेचे कण थरथरत होते, शेजारच्या कणाला ढकलत होते, तो पुढच्याला.

"उष्णता म्हणजे हीच थरथर," ओळंबाचा आवाज आला. "ती अशी हातोहात पुढे सरकते, त्याला उष्णतावहन म्हणतात. खरी उष्णता डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला कळावी म्हणून मी तिला लाल रंग दिलाय."

लाल रंग सरकत सरकत पोकळीपाशी आला आणि रेंगाळला. पोकळीत नुसती हवा होती.

"हवेचे कण एकमेकांपासून लांब लांब," आम्रपाली हळूच म्हणाली. "मग ढकलणार कुणाला?"

"शाबास! शिवाय जागा बंद आणि अरुंद, त्यामुळे हवेला फारसं फिरताही येत नाही. थोडी उष्णता पलीकडे जातेच, पण कमी."

"म्हणून ते चॉकलेट घट्ट राहिलं!" आम्रपाली ओरडली.

पण थोडं पुढे पोकळीत मालाचा एक गोळा अडकला होता. त्याच्यावरून लाल रंग खुशाल पलीकडे धावत होता.

"हा उष्णतेचा पूल," ओळंबा म्हणाला. "तुमच्या थापीने बांधलेला."

तो पूल ओलांडून दोघं पलीकडे निघाले, तर समोर वर्ग. भिंतीवर लाल डाग पसरलेले. आम्रपालीने पप्पांचा हात धरला.

"पप्पा, रागावणार नाही ना? आपल्या शाळेची भिंत तर सगळीच भरीव आहे. दुपारी ती खूप तापते. कुणीच पाठ टेकवत नाही. भिंतीकडच्या मुली बाकावर पुढे सरकून बसतात. मीपण."

"अन् मला तर रोज म्हनतीस, पप्पा, तुमची भिंत लई भारी!"

"भारीच आहे. पण तुम्ही ती सगळ्यांना दाखवता तेव्हा किती खूश असता. मग कसं सांगू?"

पप्पांनी डोळे पुसायला हात नेला आणि हातमोजा चष्म्यावर आपटला. पोरीने पाठ भाजून घेतली, पण बापाचं मन दुखवलं नाही. त्यांना वाईट वाटलं आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

"ओळंबा," ते म्हणाले, "ती शाळेची भिंत दुरुस्त व्हईल का?"

"होईल की. बाहेरून विटांचा आणखी एक पदर बांधा, मधे पोकळी सोडून."

पप्पा पुन्हा मोठे झाले आणि कामाला लागले. थापी सवयीने पोकळीकडे वळली आणि थबकली. त्यांनी पोकळीवर लाकडी पट्टी आडवी ठेवली, म्हणजे माल आत पडायलाच नको. मग माल पसरला, पट्टी काढली, वीट ठेवली. वरपर्यंत असंच.

"पास," ओळंबा म्हणाला आणि आनंदाने तारेवर गोल गोल फिरला.

त्या वर्षी दिवाळीनंतर पप्पा हैदराबादला गेले नाहीत. नव्या शाळेच्या कामावर जायच्या आधी त्यांनी परवानगी काढून बोरखेडीच्या भिंतीला बाहेरून दुसरा पदर बांधला. आम्रपालीच्या डोक्यात तोवर नवं कोडं शिरलं होतं. छपराच्या पोटातही अशी हवा कोंडता आली तर?

उन्हाळ्यात घरी पाहुणे आले. चहा अर्धाच झाला होता, तरी पप्पांनी त्यांना शाळेत नेलं आणि भिंतीवर टकटक केलं. आवाज पोकळ आला. पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पोकळच हाय!" पप्पा ऐटीत म्हणाले. "आता आत या अन् पाठ टेकवून बघा."

आत भर दुपारी आम्रपाली भिंतीला पाठ टेकून आरामात पुस्तक वाचत बसली होती. पाहुण्यांना जागा द्यायला ती जराशी सरकली. भिंतीपासून मात्र लांब नाही.