ती कोणाकडे बघत होती?

"घाबरलेल्या माणसाचं चित्र कधी बघितलंय का रे तुम्ही?" शरदकाकांनी गच्चीवर जमलेल्या पोरांना विचारलं. "शौनक, हसू नकोस. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे."

हा महिपती बदलापूरला, शिरगावात राहायचा. गेल्या चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी संध्याकाळी, तो फ्रेम केलेलं चित्र आणायला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी बायकोचं, विनिताचं, वर्षश्राद्ध होतं. आई जिवंत असताना लेकीनं, अनुयानं, तिचं हे चित्र काढलं होतं. हिरवट चेहरा, वाकडं तोंड, डोळ्यांभोवती लाल रंगाचे जाड फटकारे. फोटो नको, हेच लावायचं, असा लेकीचा हट्ट.

"साईं, ये किसको देख रही है?" सिंधी फ्रेमवाल्यानं विचारलं. आणि स्वतःच मागे वळून बघितलं.

घरी येऊन महिपतीनं अंबरनाथला लेकीला फोन लावला. "जरा हसरी काढता आली नाही तुला?"

"बसली होती तशी काढली, बाबा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्यामागे दारात तुम्ही उभे होतात ना... पट्टा घेऊन."

त्यानं फोन ठेवला. उद्या सगळे नातेवाईक येणार. वहिनी एवढ्या कोणाला घाबरल्या होत्या, असं कोणीतरी विचारणारच.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं दाराला कडी लावली. चित्र भिंतीला टेकवून समोर बसला. हातात ब्लेड. डोळे तेवढे खरवडून टाकायचे.

ब्लेड टेकवलं. थांबला.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे. दाराकडे.

"मेलीस तरी..." तो पुटपुटला.

डोळे हलले. किंचित वर. समोरून कोणी एक पाऊल पुढे आल्यासारखे...

अजून एक पाऊल.

मागे पट्ट्याचं बक्कल वाजलं.

वळायचं नाही. वळायचं नाही...

कानाशी आवाज आला. त्याचा स्वतःचाच.

"रडायचं नाही हां. शेजाऱ्यांना ऐकू जाईल."

गच्चीवर शौनकनं पाय पोटाशी घेतले.

"...मग, काका?"

सकाळी सात वाजता अनुया आली. कडी आतून होती, दार तोडावं लागलं. महिपती कोपऱ्यात दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला होता. जिवंत होता. शेजाऱ्यांना रात्री काहीच ऐकू आलं नव्हतं. अनुयानं आधी चित्र भिंतीवर लावलं, मग डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं त्याचा शर्ट वर केला. पाठभर पट्ट्याचे ताजे वळ होते.